बदललेला हात

२००९च्या श्रावणात आमच्या अभ्यासाला एकच म्हातारं माणूस कमी पडत होतं. वीस तरुण कधीच मिळाले होते. वृद्ध मात्र एकोणिसावर अडले. कुणाच्या छातीत पेसमेकर, कुणाला पूर्वी फिट्स येऊन गेलेल्या, कुणाच्या कवटीत अपघातानंतर बसवलेली धातूची पट्टी. अशांना आमच्या यंत्राजवळ आणता येत नसे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. एम.एस्सी. झाल्यावर हुबळीत विद्यानगरच्या बाजूच्या एका रुग्णालयात डॉक्टर गुरुप्रसादांच्या हाताखाली संशोधन-सहायक म्हणून लागले होते. रोज सकाळी धारवाडहून बस पकडायची आणि उणकलचं तळं मागं पडलं की उतरायच्या तयारीला लागायचं. वय वाढलं की मेंदूतला हातपाय हलवणारा भाग कसा बदलत जातो, हा डॉक्टरांचा विषय. त्यासाठी त्यांनी दोन वर्षं अर्ज करकरून एक यंत्र मिळवलं होतं. त्याची वेटोळी, म्हणजे कॉइल, डोक्याला नुसती टेकवायची आणि बटण दाबायचं. टक् असा आवाज होतो, क्षणभर चुंबक जागा होतो, कवटीच्या आतल्या पेशी चाळवतात आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचं बोट आपोआप उडतं. दुखत नाही. पण पहिल्यांदा बोट उडालं की प्रत्येकजण स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघतो.

अभ्यासाला सगळे उजवे हवे होते. मी रुजू झाले त्या आठवड्यात डॉक्टरांनी हौसेनं विचारलं होतं, "तरुणांमधली पहिली तूच बस की!" मी म्हटलं, "सर, मी मूळची डावरी. शाळेत हात बदलला माझा." ते हसले. "मग नाही चालायचीस. तू बटण दाब."

एका गुरुवारी दहाच्या सुमारास दारात एक बाई उभ्या राहिल्या. सुती पांढरट लुगडं, हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. छत्री झटकून त्यांनी कोपऱ्यात उभी केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"स्मृती ना ग तू? जयतीर्थांची?"

तो आवाज ऐकला आणि मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. वर्गात उठायचो तशी. त्या वेणूबाई होत्या. माझ्या पहिली-दुसरीच्या बाई.

आमची मराठी शाळा धारवाडात माळमड्डीला होती. रुळांपासून इतकी जवळ, की मालगाडी जाऊ लागली की पाढे थांबायचे आणि शेवटचा डबा गेला की जिथं सोडले तिथून पुन्हा सुरू व्हायचे. घरी मराठी, फाटकाबाहेर कानडी. मधल्या सुट्टीत आम्ही दोन्ही भाषा एकत्र कालवून भांडायचो. १९९१च्या जूनमध्ये मी पहिलीत गेले. पहिल्याच दिवशी पाटीवर डाव्या हातानं रेघ ओढली. बाईंनी बघितलं, पण सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर त्या मला व्हरांड्यात घेऊन बसू लागल्या. माझे वडील, अण्णा, धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्याच्या बसमधून उतरून मला न्यायला येईपर्यंत त्यांना साडेपाच व्हायचे. तोवरचा वेळ बाईंचा आणि माझा. त्यांनी मला मारलं नाही, हात बांधला नाही. पिशवीतून पाच चिंचोके काढून माझ्या डाव्या मुठीत ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे सांभाळ. एकही पडू द्यायचा नाही." मूठ आवळली की डावा हात कामात गुंतायचा. मग माझ्या मागं बसून, माझा उजवा हात आपल्या हातात घेऊन त्या पाटीवर फिरवायच्या. त्यांच्या हाताला खडूचा आणि वेखंडाचा वास यायचा.

ळ शिकवायचा दिवस मला आठवतो. दोन्ही बाजूंना सारखे डोळे असलेलं ते अक्षर मला फार आवडलं. बाई म्हणाल्या, "हे एकच अक्षर असं आहे बघ, कुठल्याही हातानं काढलं तरी तसंच दिसतं." आणि मग का कोण जाणे, रुळांकडे बघत राहिल्या.

दिवाळीपर्यंत मी उजव्या हातानं लिहू लागले. त्याच सुमाराला मी बोलताना अडखळायलाही लागले. स्वतःचं नाव सांगायचं म्हटलं की 'स'वरच गाडी अडायची. ते चौथीत कधीतरी आपोआप गेलं. हात बदलल्यानं असं होतं म्हणतात काहीजण. काहीजण म्हणतात, तसा काही संबंध नाही. आईनं मात्र बाईंना कधी माफ केलं नाही. माझं तसं नव्हतं. मला तो व्हरांडा, ती ऊन कलतानाची वेळ आणि आपल्या एकटीसाठी कुणीतरी थांबलंय ही जाणीव एवढंच आठवायचं. माझं अक्षर सुंदर आहे आणि ते बाईंचं आहे. त्र्याण्णव साली त्या निवृत्त झाल्या. आमचा वर्ग त्यांचा शेवटचा. नंतर रस्त्यात कधी दिसल्या तर नमस्कार, तेवढंच.

"पेन्शनरांच्या सभेत तुमचा कागद वाचून दाखवला," बाई म्हणाल्या. "पासष्टच्या पुढचे निरोगी लोक हवेत म्हणून. मी चौऱ्याहत्तर. बीपीची अर्धी गोळी सोडली तर काही नाही मला. चालेन का?"

"चालाल की! बसा बाई, बसा."

मी फॉर्म काढला. तोच फॉर्म एकोणचाळीस जणांना विचारून मला पाठ झाला होता. संमतीचा कागद मी त्यांना वाचून दाखवायला लागले, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, स्वतः पूर्ण वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि मग सही केली. त्यानंतर प्रश्न.

"लिहिता कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"काडी ओढता?"

"उजव्या."

"केरसुणी? चमचा? सुईत दोरा ओवताना?"

"उजवा, उजवा, उजवा."

"लहानपणी हात बदलला होता का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मी खूण केली आणि पान उलटलं.

त्यांनी केसातले आकडे एकेक करून काढले, कानातल्या कुड्या काढल्या, सगळं रुमालात बांधून पिशवीत ठेवलं. मोकळ्या केसातल्या बाई मी कधी बघितल्या नव्हत्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जो उंचवटा असतो, तिथं दोन्ही हातांना मी इलेक्ट्रोड चिकटवले. त्या हाताची कातडी आता पातळ झाली होती. खाली शिरा दिसत होत्या. कापसाचे बोळे कानात घातले. मग कॉइल हातात घेतली. दोन वेटोळी शेजारी शेजारी जोडल्यासारखा तिचा आकार.

बाईंनी ती नीट न्याहाळली. "अगं, हा तर ळ आहे!"

मी इतकी हसले की आतून डॉक्टर बाहेर आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. सांगितल्यावर तेही हसले. "वर्षभर मी याला आठ म्हणतोय. बाईंचं बरोबर आहे."

कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवून मी बटण दाबलं. टक्. बाईंची उजवी तर्जनी उडाली आणि पडद्यावर एक लाट उमटली.

"अय्या!" बाई म्हणाल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, पण तो आवाज पहिलीतल्या मुलीचा होता. "मी नाही हं हलवलं."

"मी हलवलं, बाई."

"तू हलवलंस," त्या हळूच म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "बरोबर आहे. आता तुझी पाळी."

पुढचा भाग मला नेहमीच अवघड वाटायचा, समजावून सांगायला. उजवा हात मेंदूच्या डाव्या अर्ध्यातून चालतो. तो काम करत असताना डावा अर्धा उजव्या अर्ध्याला सांगत असतो, तू गप्प बस. आणि उजव्याची वेळ आली तर तोही डाव्याला गप्प करू शकतो. तरुणांमध्ये ही दटावणी कडक असते. वय झालं की ती सैल पडते का, हे आम्ही मोजत होतो. बाईंनी उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत एक चिमटा जोरात दाबून धरला. मी या वेळी उजव्या बाजूला, म्हणजे काम करणाऱ्या हाताच्याच बाजूला, कॉइल टेकवली. पडद्यावरची रेघ खळाळत होती. तरुणांची रेघ टक् झाल्यावर क्षणभर शांत पडते. बाईंची जेमतेम बसली आणि लगेच उठली. बाकीच्या म्हाताऱ्यांचीही अशीच असायची.

शेवटची चाचणी सगळ्यात सोपी. दहा सेकंदांत तर्जनीनं एका बटणावर जितके होतील तितके ठोके मारायचे, आधी उजव्या हातानं, मग डाव्या. उजवा माणूस उजव्या हातानं थोडे जास्त मारतो. बाईंचे उजव्याचे झाले एक्केचाळीस. डाव्याचे सत्तेचाळीस.

मला वाटलं, माझ्याकडून रकाने उलटे झाले. "बाई, परत एकदा करूया? माझं काहीतरी चुकलं."

पुन्हा केलं. चाळीस आणि अठ्ठेचाळीस.

मी तिसऱ्यांदा करायला सांगणार, तोच बाईंनी बटणाची पेटी अलगद बाजूला सारली.

"तुझं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टर आत गेले होते. बाईंनी रुमालाची गाठ सोडली आणि आकडे मांडीवर ओतले, पण केस बांधले नाहीत.

"मी सहा वर्षांची होते. गदगला होतो आम्ही. वडील, बाळाचार्य, पूजेला बसले की मी फुलं नेऊन द्यायची. एकदा डाव्या हातानं दिली. त्यांनी परडी तशीच खाली ठेवली आणि त्या दिवशी पूजा फुलांशिवाय केली. त्या दिवसापासून आई जेवताना माझा डावा हात पदरानं पाठीशी बांधायची. चार महिने. पाहुणे आले तरी. भावंडं हसायची. पुढं लग्न झालं, नोकरी लागली. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही."

"फॉर्मवर मी विचारलं तेव्हा..."

"सवय ग. अडुसष्ट वर्षं तेच उत्तर दिलंय. तोंडातून आपोआप आलं." त्यांनी एक आकडा उचलला, परत ठेवला. "खरं सांगू? त्या कागदाखाली तुझं नाव होतं. स्मृती जयतीर्थ. म्हणून आले मी. तुला एक सांगायचं होतं. आणि आल्या आल्या फॉर्मवरच खोटं बोलले."

मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"तुझे अण्णा एकदा शाळेत आले होते. कारखान्याच्या कपड्यातच, दुपारी रजा टाकून. म्हणाले, बाई, पोरगी बोलताना अडायला लागलीय. राहू दे तिचा हात आहे तसा. आम्हाला काही अडचण नाही. मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, महिन्याभरात सरावेल, तुम्ही मध्ये पडू नका. ते बिचारे साधे. बाईंना जास्त कळतं म्हणून गेले परत."

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हात बदलायला अण्णांनीच सांगितलं असेल. घरात तो विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे, म्हणून.

"का, बाई?"

"मला वाटायचं, मी तुला वाचवतेय. माझं जसं झालं तसं तुझं कुणी करायच्या आधी मी हळुवारपणे करते. बांधायचं नाही, मारायचं नाही, चिंचोके द्यायचे. जगात डाव्या हाताला जागाच नाही, हे मी धरूनच चालले होते." त्यांनी मांडीवरचा एक आकडा सरळ केला. "तू वर्गात 'स... स...' करायचीस ना, तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे. तुला वाटत असेल, मला ऐकू येत नाही."

राग आला का? आला थोडा. तो माझ्यासाठी नव्हता. रजा टाकून आलेल्या आणि तसेच परत गेलेल्या अण्णांसाठी होता. पण समोर केस मोकळे सोडून बसलेल्या त्या बाईंकडे बघून मला सहा वर्षांची, पाठीशी हात बांधलेली मुलगीच दिसत होती. मी त्यांचे आकडे गोळा केले आणि म्हटलं, "मागं वळा. केस बांधून देते." मी अंबाडा घातला. बरा जमला नाही. त्यांनी तो चाचपून पाहिला आणि तसाच राहू दिला.

डॉक्टरांना सांगायला हवं होतं. विसावं माणूस हातातून जात होतं. न सांगता फॉर्म फाईलला लावला असता तर कुणालाही कळलं नसतं, हा विचार माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. पण मी आत गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी एक सुस्कारा सोडला, फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि बाहेर येऊन बाईंसमोर बसले.

"माफ करा हं डॉक्टर," बाई म्हणाल्या. "तुमची अर्धी सकाळ मी वाया घालवली."

"वाया कशाला? उलट मला एक सुचतंय. एक गुरू, एक शिष्या. दोघीही हात बदललेल्या, मध्ये पन्नास वर्षांचं अंतर. अभ्यासात घेता यायचं नाही. पण वेगळा कागद करून, नुसतं बघायला म्हणून, रविवारी याल का दोघी?"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी अण्णांना विचारलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं.

"गेलो होतो," ते म्हणाले. "अजून वाटतं, मी तिथं थोडं हट्टानं बोलायला हवं होतं. पण तुझा हात धरून बसलेल्या असायच्या त्या, मी न्यायला यायचो तेव्हा. तू इतकी खुशीत असायचीस. मला कळायचं नाही काय बरोबर ते."

"मलाही नाही कळत, अण्णा."

आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं. रविवारी निघताना तिनं एका डब्यात गोडी शेव भरून दिली. "तुझ्या बाईंना दे," म्हणाली.

रविवारी मी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. बटण डॉक्टर दाबत होते. बाई माझ्या शेजारी स्टुलावर बसून पडदा बघत होत्या. टक् झालं आणि माझं बोट उडालं. चाळीस जणांचं बघितलं होतं, पण स्वतःचं उडतं तेव्हा खरंच परकं वाटतं. चिमटा दाबला तेव्हा माझी रेघ तरुणांसारखी चटकन शांत पडली. बाईंची पुन्हा एकदा घेतली. ती आधीसारखीच, जेमतेम बसून उठणारी. ठोक्यांमध्ये दोघींचाही डावा हात पुढं.

"म्हणजे काय समजायचं?" बाईंनी विचारलं.

"दोन माणसांवरून काहीच समजायचं नसतं," डॉक्टर म्हणाले. "एवढं दिसतं की म्हातारपणी एक हात हलला तरी मेंदूचे दोन्ही अर्धे थोडेथोडे कामाला लागतात. काहीजण म्हणतात, लगाम सुटला. काहीजण म्हणतात, एकाला जमेना म्हणून दुसरा मदतीला आला. अजून ठरलेलं नाही."

बाईंनी थोडा विचार केला. "मदतीला आला, असंच धरते मी. माझ्या वयाला तेवढी सूट द्या."

परतताना आम्ही दोघी एकाच बसमध्ये होतो. नवनगर आलं, अमरगोळचा फाटा गेला. बाई खिडकीशी बसल्या होत्या. माळमड्डीची शाळा आता किती बदलली, फाटकाशी बसणारी पेरूवाली कधीच गेली, पाढे म्हणताना मी साताला नेहमी कशी अडायचे, हे त्या सांगत होत्या. मध्येच त्यांनी डबा उघडला आणि डाव्या हातानं चिमूटभर शेव काढून तोंडात टाकली. मग भानावर येऊन हाताकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी आणखी एक चिमूट घेतली.

आमचं विसावं माणूस तसंच राहिलं. डॉक्टर म्हणू लागले की एकोणिसावरच भागवू. अशात पंधरा दिवसांनी, एका सकाळी, बाई पुन्हा दारात. सोबत साधारण त्यांच्याच वयाच्या, जरा घाबरलेल्या एक बाई.

"या पार्वतीअक्का," वेणूबाई म्हणाल्या. "माझ्या शेजारी राहतात. एकोणसत्तर. फिट नाही, पेसमेकर नाही, डोक्यात लोखंड नाही. सगळं मी घरी विचारून घेतलंय. आणि हात कुणी बदललेला नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीला फोन करून खात्री केली."

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. त्यांना हसू आवरेना.

पार्वतीअक्का खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि कॉइलकडे बघून कानडीत काहीतरी पुटपुटल्या. बाईंनी त्यांचे आकडे काढायला घेतले. "अंजबेडा," त्या म्हणाल्या, घाबरू नका. "नुसतं टक् होतं. आणि मग बोट उडतं, तेव्हा गंमत वाटते बघा."

मी नवा फॉर्म काढला, पेन उघडलं आणि पहिला प्रश्न वाचला.